दशरथ धुरींचं अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

दशरथ धुरींनी आपल्या घरात ‘जानकी, चाय!’ म्हटलं, की खालच्या मजल्यावर कुणीतरी दचकून आधण ठेवावं, असा त्यांचा आवाज. आता यात त्या माणसाचा काय दोष? उभी हयात गिरणीच्या साचेखात्यात गेलेली. सगळे माग एकदम खडखडायला लागले की शेजारच्याकडे चिमूटभर तंबाखू मागायची तरी बेंबीच्या देठापासून बोंबलावं लागे. पुढे संप झाला, गिरणी बंद पडली, पुन्हा सुरू झाली तेव्हा धुरींना काही आत घेतलं नाही. माग सुटले, पण आवाज होता तिथंच राहिला. लालबागच्या चाळीत त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, कारण तिथं सगळेच गिरणीतले. हळू बोललं तर लोक विचारत, ‘काय रे दशरथा, बरा नाय काय?’

त्यांचा मुलगा जयवंत शिकला, एका कंपनीत नकाशे काढायच्या कामाला लागला आणि त्यानं मुलुंडला, पूर्वेच्या बाजूला, नव्या तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर ब्लॉक घेतला. आईवडिलांना हौसेनं घेऊन गेला. ब्लॉक झकास होता. बिल्डरनं गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून तो आधी सजवलेला, त्यामुळे मोरीतसुद्धा फुलाफुलाच्या फरश्या. पण जिन्याखाली सगळ्यांच्या नावांची जी पाटी होती, तिच्यावर धुरींच्या ब्लॉकपुढे रंगाऱ्यानं लिहिलं होतं, ‘सॅम्पल’. ते तसंच राहिलं. जयवंतनं सोसायटीत दोनदा सांगून बघितलं. ‘बघू, रंगारी आला की,’ एवढंच उत्तर. रंगारी काही येईना. आणि मग पोस्टमन, दूधवाला, इस्त्रीवाला, सगळेच त्यांना सॅम्पलवाले म्हणायला लागले.

समोरच्या ब्लॉकात भाऊराव मेश्राम राहत. भंडाऱ्याकडचे, टेलिफोन खात्यात नोकरी, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. त्यांच्या ब्लॉकपुढे तर पाटीवर काहीच नव्हतं. नुसती कोरी जागा. वर आणि खाली सगळी नावं नीट, मधे तेवढाच रंगाऱ्याचा हात थांबलेला.

‘तुमचं बरं आहे, धुरी,’ भाऊराव म्हणायचे. ‘तुम्ही निदान सॅम्पल तरी आहात. मी तर नाहीच.’

त्या इमारतीत दारं बंद ठेवायची पद्धत. पहिल्या आठवड्यात जानकीनं सवयीनं दार उघडं टाकलं आणि उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायला घेतले. येणारेजाणारे आत डोकावायचे आणि ओशाळून मान फिरवायचे. दुसऱ्या आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी विद्याधर कर्णिक आले. तिसऱ्या मजल्यावर राहत. सरकारी कचेरीतून निवृत्त, इस्त्रीचा लेंगा, बोलणं तोलूनमापून.

‘धुरी, आपला आवाज जरा... म्हणजे, आमच्यापर्यंत येतो.’

‘येता काय? बरा झाला!’ धुरी खूश होऊन म्हणाले. ‘माका वाटला खयपर्यंत पोचता कोणास ठावक.’

कर्णिक तसेच वर गेले. जयवंतनं त्या रात्री जेवताना, ताटाकडे बघत, बापाला हळू बोलायला सांगितलं. आणि दशरथ धुरी खरंच हळू बोलायला लागले. इतके हळू, की जानकीला दर वाक्याला ‘काय?’ करावं लागे. मग ते बोलायचेच कमी झाले. गॅलरीत खुर्ची टाकून बसत. पण कान काही कुणी बंद करू शकत नाही. इमारतीच्या मागच्या बाजूच्या चौकात बहुतेकांच्या मोऱ्यांच्या खिडक्या उघडत, आणि बंद दारांमागचं सगळं जग त्या चौकातून थेट धुरींच्या गॅलरीत येऊन पडे.

एप्रिल उजाडला तेव्हा त्यांनी बायकोला सांगून टाकलं. ‘मे म्हयन्यात सगळे गावाक जातले, तेंच्यावांगडा मी पण जातलंय. आणि परत येवचंय नाय. थय माका कोणतरी वळाखता.’

‘मग जावा,’ जानकी म्हणाली. ‘माका लेकाक सोडून खय जावचा नाय.’ एवढं बोलून ती जी आत गेली, ती बराच वेळ भांडीच घासत राहिली. भांडी घासलेलीच होती.

आता झालं असं, की त्या वर्षी मुलुंडला पाण्याची पार वाट लागली. नळाला सकाळी धार यायची ती करंगळीएवढी. टँकर यायचा तो शेजारच्या सोसायटीत. तेव्हा आपल्याही मागच्या अंगणात बोअरिंग मारायचं, असं सभेत ठरलं. बोअरिंगची गाडी आली, तिच्याबरोबर सेलमकडचा मिस्त्री आला. त्याला सगळे अण्णा म्हणत. रविवारी सकाळी सगळी मंडळी अंगणात जमली. नारळ, हळदकुंकू, सगळं तयार. नाही आले ते फक्त भटजी. तळमजल्यावरचे जयंतीभाई, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानाचे मालक, घड्याळ बघत म्हणाले, ‘अरे, धुरीकाका कोकणचे आहेत ना! नारळ तर त्यांच्या गावचाच माणूस. त्यांना द्या.’

कर्णिकांनी नाइलाजानं नारळ पुढे केला. धुरींनी दोन्ही हातांनी घेतला. इतक्या महिन्यांत या इमारतीनं त्यांना पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

‘गाऱ्हाणं घालू काय?’ त्यांनी विचारलं.

‘घाला, काय असेल ते,’ कर्णिक म्हणाले. ‘थोडक्यात.’

बिचाऱ्या कर्णिकांना काय ठाऊक! गाऱ्हाणं म्हणजे कोकणात काही रडगाणं नव्हे. नारळ ठेवायचा, भोवती सगळ्यांनी उभं राहायचं, आणि एकानं सगळ्यांच्या वतीनं देवाला मोठ्यानं सांगायचं, बाबा रे, असं असं आहे, याचं हे अडलंय, त्याचं ते दुखतंय, सांभाळून घे. आणि दर बोलाला बाकीच्यांनी म्हणायचं, ‘व्हय म्हाराजा!’ तो होकार नसेल तर गाऱ्हाणं म्हणजे दोरी नसलेला पोहरा. विहिरीत जाईल, वर काही येणार नाही.

धुरींच्या गावात त्यांचे आजे गाऱ्हाणं घालत. त्यात घरन् घर यायलाच हवं. एकदा काय झालं, म्हातारबुवा वरच्या वाडीतल्या शिवदासची आजारी म्हैस विसरले. म्हैस बापडी चार दिवसांत उठून चरायला लागली. पण शिवदास वर्षभर देवळाची पायरी चढला नाही. लोक म्हणायचे, ‘अरे, म्हस बरी झाली मां?’ तो म्हणायचा, ‘ती आपल्या गुणान बरी झाली. तुमी नाव खय घेतलात?’ तर अशा गावातला हा माणूस. कुणाला वगळणं म्हणजे त्याच्या लेखी केवढा अपमान!

त्यांनी टोपी सारखी केली, नारळ जमिनीवर ठेवला, डोळे मिटले आणि साचेखात्यातला तो आवाज, कित्येक महिने दाबून धरलेला, मोकळा सोडला.

‘बा देवा म्हाराजा! बारा-पाचाच्या देवा म्हाराजा! आज हय जमलेली तुझी लेकरा तुका नारळ ठेवतत, तो मान्य करून घे रे म्हाराजा!’

क्षणभर थांबले. कुणी काही बोललं नाही. सगळे नुसते बघत होते. धुरींना वाटलं, लोक शहरातले, लाजतायत. ते पुढे निघाले.

‘दुसऱ्या माळ्यावरच्या रत्नप्रभाबाईंच्या मोरीत वरना पाणी गळता. सेक्रेटरीसायबांच्या मोरीतला आसा, म्हणून बाई बोलनत नाय, बादली लावन बसतत. जा पाणी नको थय गळता, ता हव्या थय लागू दे रे म्हाराजा!’

शाळेत शिकवणाऱ्या रत्नप्रभाबाईंनी पदर तोंडाला लावला. कर्णिकांचे कान लाल झाले.

‘जयंतीभाई नि तेंचो भाव एका दुकानात बसतत, पण एकमेकांशी बोलनत नाय. गिऱ्हाइकाच्या तोंडान बोलतत. तेंची मना जुळव रे म्हाराजा! सेक्रेटरीसायबांच्या सुलक्षणाक स्थळा बघतत, पत्रिका काय जुळणा नाय. पोरगी चांगली आसा. तिचा लवकर बरा होऊ दे रे म्हाराजा!’

सुलक्षणा बापाच्या मागेच उभी होती. ती खाली बसली आणि नसलेली चप्पल बांधायला लागली. धुरींनी डोळे उघडले. समोर सगळी माणसं पुतळ्यासारखी. ‘व्हय म्हाराजा’ राहिलं बाजूला, कुणी शिंकलंसुद्धा नाही.

‘मशीन सुरू करा,’ कर्णिक अण्णाला म्हणाले. इतकंच.

मशीन सुरू झाली. घरघर, धुरळा, पांढरी पूड. आणि दुपारपर्यंत खाली असा कातळ लागला, की अण्णाच्या हत्याराचं टोकच तुटलं. ‘नया लाना पडेगा,’ म्हणून अण्णा निघून गेला. गाडी मात्र अंगणातच उभी राहिली, ओशाळ्या हत्तीसारखी.

धुरी घरी आले ते खुर्चीत बसलेच नाहीत. उभ्या उभ्याच जयवंतला म्हणाले, ‘माझा एस.टी.चा तिकीट काढ. जाण्याचा फक्त.’ जानकीनं त्या दिवशी भात लावला, पण शिट्टी मोजायची विसरली.

दार त्यांनी आता घट्ट बंद केलं होतं. संध्याकाळी ते वाजलं. भाऊराव मेश्राम होते. आत आले, बसले आणि हसायला लागले ते थांबेचनात.

‘धुरी, मी वरून बघत होतो. एवढा वेळ गप्प बसलेलं कर्णिकांचं तोंड मी आजवर पाहिलं नाही.’ मग डोळे पुसून म्हणाले, ‘माझं नाव देवापुढं घेतलं नाही, ते बरं केलंत. आपला तो रस्ता नाही. पण माणसांपुढं घ्यायला माझी ना नाही हं. ध्यानात ठेवा.’

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रत्नप्रभाबाई आल्या. हातात खोबऱ्याच्या वड्यांची ताटली. आत येऊन त्यांनीच दार लोटून घेतलं.

‘सकाळी प्लंबर आला होता,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘कर्णिकांनी स्वतः पाठवला. मी इतके दिवस सभ्यपणानं बादली लावत होते. सभ्यपणानं बादली भरते, धुरीकाका, गळती थांबत नाही.’

त्या गेल्या न गेल्या तोच जयंतीभाई. ते आधी थोडे चिडलेले दिसले.

‘काका, काल रात्री माझा भाऊ घरी आला. ओरडला, आपल्या घरची गोष्ट मुलुंडभर कोणी सांगितली? मी बोललो, धुरीकाकाने. तो बोलला, कोण धुरीकाका? मी बोललो, सॅम्पलवाले. तो बोलला, त्याला कसं माहीत? मी बोललो, तू बोलत नाहीस म्हणून मी घरात ओरडतो, त्यामुळे. असं करत करत...’ जयंतीभाईंनी ताटलीतली एक वडी उचलली. ‘असं करत करत आम्ही जेवायला बसलो, काका. पण एक चूक झाली तुमची. सुरुवात त्याने केली होती. ते सांगायचं राहिलं.’

तिसऱ्या मजल्यावरच्या वनमालाबाई तर तावातावानं आल्या. ‘सगळ्यांची नावं घेतलीत, आमचंच नाही! आमच्या घरात काही घडतच नाही असं वाटतं का तुम्हाला? ह्यांची सांधेदुखी, दिराचं कोर्टाचं प्रकरण, काही कानावर आलं नाही?’

‘चुकला, बाई,’ धुरी हात जोडून म्हणाले. त्यांना शिवदासची म्हैस आठवली आणि मिशीतल्या मिशीत हसू फुटलं. ‘तुमची मोरी पलीकडच्या अंगाक. माका आयकाक येणा नाय.’

‘मग दार उघडं ठेवा की! येऊन सांगत जाईन.’

आणि शेवटी आली सुलक्षणा. जानकीकडे कढीपत्ता मागायला म्हणून. कढीपत्ता हातात घेऊन गॅलरीत गेली आणि भडाभडा बोलली. ‘काका, ते पत्रिकेचं राहू द्या. पत्रिका कुणाला जुळवायचीय? घाटकोपरला एकजण आहे. बँकेत आहे. आईला माहीत आहे. बाबांना सांगायची हिंमत कुणालाच नाही. तुम्ही पुन्हा गाऱ्हाणं घालणार असाल ना, तर तेवढं जरा...’

‘पुन्ना?’ धुरी म्हणाले. ‘मी आता गावाक चाललंय गो पोरी.’

‘असं कसं? अर्धं टाकून?’ ती पटकन बोलून गेली.

हा शब्द मात्र लागला. खरंच की! गाऱ्हाणं घातलं, पण होकार आलाच नाही. आज्यांनी आयुष्यात एकही गाऱ्हाणं असं टांगून ठेवलं नव्हतं. तिकीट जयवंतनं आणून देवाच्या फळीवर ठेवलं होतं. धुरी रोज तिकडे बघत, आणि रोज दार मात्र सकाळी उघडत ते रात्री झोपतानाच लावत. कोण ना कोण यायचं. जानकीचे तांदूळ पुन्हा उंबऱ्यात निवडले जाऊ लागले. वनमालाबाई समोर बसून खडे काढू लागल्या.

अण्णा नवं हत्यार घेऊन आला त्या दिवशी पुन्हा सगळे अंगणात उतरले. कर्णिक म्हणाले, ‘चला, सुरू करा.’ जयंतीभाईंनी हात आडवा घातला.

‘थांबा, सेक्रेटरीसाहेब. त्या दिवशी काकाने विचारलं आणि आपण जवाब नाय दिला. दुकानात गिऱ्हाइकाला जवाब दिला नाही तर गिऱ्हाईक जातं. देव काय थांबणार?’

‘हा भाबडेपणा आहे, जयंतीभाई. खाली कातळ होता म्हणून टोक तुटलं.’

‘मग एक नारळ अजून फोडून कातळाचं काय बिघडणार?’ रत्नप्रभाबाई म्हणाल्या. वर्गात म्हणावं तशा. जयंतीभाईंनी तोवर नारळ आणून धुरींच्या हातात दिला.

धुरी पुढे आले. या खेपेला डोळे मिटण्याआधी त्यांनी सगळ्यांना बजावलं. ‘मी म्हाराजा म्हटलं, की तुमी व्हय म्हाराजा म्हणायचा. पोटात म्हणायचा नाय. तोंडान.’

‘बा देवा म्हाराजा! गेल्या वेळेचा गाऱ्हाणा अर्धा ऱ्हवला, ता आज पुरा करतंव, मान्य कर रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ पहिला आवाज जयवंतचा होता. ताटाकडे बघून बोलणारा पोरगा, मान वर करून ओरडला. मागोमाग चारदोन आवाज चाचरत आले.

‘वनमालाबाईंच्या घोवाचे सांधे मोकळे होऊ देत, दिराचो कोर्टातलो गुंतो सुटू दे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ वनमालाबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की कावळे उडाले. लोकांना मग मजाच यायला लागली. दर खेपेला आवाज वाढत गेला. कर्णिकांचेही ओठ हलायला लागले, मग आवाज फुटला. निवृत्तीनंतर बहुतेक पहिल्यांदाच ते एवढ्या मोठ्यानं काही बोलत असावेत. चेहरा खुलला त्यांचा. आणि नेमकं तेव्हा धुरींनी म्हटलं,

‘ज्या पोरीचा जुळणा नाय म्हणून मागच्या वेळेक सांगितला, तिचा जुळलेलाच आसा. जा देवान जुळवल्यान, ता बापाक दिसू दे, गोड वाटू दे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ कर्णिक सगळ्यात मोठ्यानं गरजले. मग थांबले. ‘काय? काय जुळलंय?’ मागे वळून लेकीकडे बघितलं. ती पुन्हा चप्पल बांधत होती. बायकोकडे बघितलं, ती आभाळात बघत होती.

‘साहेब, आता काय नाय,’ जयंतीभाई म्हणाले. ‘नारळासमोर होय बोलला तुम्ही. सगळ्यांनी ऐकलं.’

कर्णिक लेकीला एवढंच म्हणाले, ‘घरी चल, बघतो तुला.’ पण म्हणताना मिशी हलली, ती सगळ्यांना दिसली.

धुरी अजून थांबले नव्हते. त्यांनी नारळाकडे पाठ केली आणि तोंड कर्णिकांकडे फिरवलं. ‘आता ह्या देवाक नाय, तुमका सांगतंय. जिन्याखालच्या पाटयेर एक जागा कोरी आसा. थय माणूस ऱ्हवता. भाऊराव मेश्राम तेचा नाव. बायको आसा, पोरा आसत. रंगाऱ्याक जागा गावणा नाय असा होवचा नाय.’

भाऊराव गाडीजवळ बाजूला उभे होते, हात मागे बांधून. ते स्पष्ट आवाजात म्हणाले, ‘व्हय.’ म्हाराजा वगैरे काही नाही. नुसतं व्हय.

मग रत्नप्रभाबाई म्हणाल्या, ‘व्हय.’ मग जयंतीभाई. मग बाकीचे. कर्णिक जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी भाऊरावांकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘आमचं चुकलं, मेश्राम. उद्याच करतो.’

‘आणि सॅम्पलचं काय?’ भाऊरावांनी विचारलं.

‘तेही.’

नारळ फुटला. अण्णानं मशीन आणखी जरा बाजूला घेऊन लावली. त्याचं म्हणणं, कातळ तिथं संपतोच. त्याला आपण कशाला खोटं पाडायचं? संध्याकाळी पाणी लागलं. आधी राखाडी गाळ उडाला, तो कर्णिकांच्या इस्त्रीच्या लेंग्यावर, आणि मग धार. पाणी जरा मचूळ निघालं, पिण्याच्या कामाचं नाही, धुण्याभांड्याला उत्तम. पण त्या संध्याकाळी सगळ्या मुलुंडनं जरी येऊन चाखलं असतं, तरी त्या इमारतीतल्या एकानंही ते मचूळ आहे असं कबूल केलं नसतं.

रंगारी खरंच दुसऱ्या दिवशी आला. भाऊराव आणि धुरी दोघेही त्याच्या डोक्यावर उभे. ‘मेश्राम’ लिहून झालं. मग त्यानं ‘सॅम्पल’ खरवडलं आणि तिथं ‘द. धुरी’ काढलं. अक्षर जरा तिरकं झालं. धुरी म्हणाले, ‘ऱ्हवां दे. मी पण थोडो तिरकोच आसंय.’

घरी आल्यावर त्यांनी देवाच्या फळीवरचं तिकीट उचललं. जानकी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

‘जयवंता,’ धुरींनी हाक मारली. आता हळू बोलायचं त्यांनी सोडून दिलं होतं. ‘गावाक जावन येतंय. आंबे सोडून मी खय जातंय! पण येताना सगळ्यांका आंबे हाडूचे आसत, मोठी पेटी लागतली. तू माझा येण्याचा पण तिकीट काढ!’

हाक मागच्या चौकातून वर गेली, खाली गेली. जयवंतनं उत्तर द्यायच्या आधीच तिसऱ्या मजल्यावरून, दुसऱ्यावरून, तळमजल्यावरून, प्रत्येक मोरीच्या खिडकीतून आवाज आला,

‘व्हय म्हाराजा!’

आणि समोरच्या दारातून, जरा उशिरानं, भाऊरावांचा, ‘व्हय! पण आंबे हापूस आणा!’